गाळलेले उंदीर

“तुमच्यापैकी किती जणांना आत्ता, या क्षणी, जायचंय? खरं सांगा, हात वर करा!” पाहुणा डॉक्टर व्यासपीठावरून त्याच्या भाषेत म्हणाला, आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या दुभाष्यानं तेच वाक्य दोन सेकंदांनी आपल्या भाषेत माइकमध्ये सोडलं. तीनशे म्हाताऱ्यांच्या कानांत ते एकदम उतरलं. आधी खसखस पिकली, मग मोठं हसू, मग इथे एक तिथे एक असे लाजरे हात वर गेले. डॉक्टरनं कमरेत वाकून ते हसू स्वतःच्या नावावर जमा केलं. दुभाष्याचा हात तेवढा वर गेला नाही. खरं तर त्या सभागृहात सगळ्यात जास्त जायचं होतं ते त्यालाच. सकाळी निघताना जाऊन आलो, इथे पोचल्यावर जाऊन आलो, केबिनमध्ये शिरायच्या आधी तिसऱ्यांदा जाऊन आलो, आणि तरी अर्ध्या तासात ओटीपोटात ती ओळखीची कळ सुरू झालीच. आणि हा माणूस त्याच्याच तोंडून त्याचीच टिंगल करून घेत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी नीट कळलं. आग वाटेत कुठे कुठे थांबत गेली तेसुद्धा कळलं.

नियमाप्रमाणे या कामाला दोघं लागतात. अर्धा तास एकानं बोलायचं, अर्धा तास दुसऱ्यानं. कारण एका कानानं ऐकत त्याच वेळी तोंडानं वेगळ्या भाषेत बोलत राहिलं की अर्ध्या तासात मेंदूचा चोथा होतो. पण कंपनीच्या बाईनं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, “दीड तासाचं तर आहे हो, तुम्ही एकटे सहज निभवाल. तुमच्यासारखा अनुभव कुणाला आहे?” अनुभव हा शब्द लोक फुकटात काम वाढवायला वापरतात हे एकतीस वर्षांत हजारदा कळूनही तो हो म्हणाला होता. का म्हणाला? वय अठ्ठावन्न झालं की माणूस नाही म्हणायला घाबरतो. एकदा नाही म्हटलं तर पुढच्या वेळी फोन येणार नाही, असं वाटतं. शिवाय विषय ऐकून त्याला नाही म्हणताच आलं नव्हतं. विषय होता हिरव्या चहाचा अर्क आणि वाढलेलं प्रोस्टेट. तोच विषय, तीच कंपनी, तोच डॉक्टर. सव्वा वर्षापूर्वी, याच सभागृहात, याच केबिनमध्ये.

“चहाच्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात,” डॉक्टर सांगत होता आणि दुभाषी सांगत होता, “ती या ग्रंथीची वाढ रोखतात.” कोशात या ग्रंथीला पुरस्थ ग्रंथी म्हणतात. सुरुवातीच्या काळात तो हौसेनं तसं म्हणायचा, आणि समोरची माणसं पुरात कुणी वाहून गेल्यासारखी वर बघायची. मग त्यानं सरळ प्रोस्टेट म्हणायला सुरुवात केली. लोकांना कळेल असं बोलायचं, पण पदरचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही गाळायचं नाही, हा या धंद्याचा पहिला आणि शेवटचा धडा. वक्ता मी म्हणाला की दुभाष्यानंही मी म्हणायचं. या काचेच्या खोलीत तो मंत्री झाला होता, खुनाचा साक्षीदार झाला होता, एकदा तर घटस्फोट मागणारी बाई झाला होता. काम संपलं की हेडफोन उतरवायचा आणि त्या सगळ्या ‘मी’ना खुर्चीतच सोडून घरी जायचं. घरी गेल्यावर बायको म्हणायची, “आज कोण होतात?” आणि दोघं हसायची. दादाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. दादाच्या दुकानात तो त्या दिवशी हेडफोन न उतरवताच गेला असावा.

दादा म्हणजे त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ. शिंप्याच्या दुकानातला कटिंग मास्तर. सगळे त्याला मास्तरच म्हणतात. पन्नास वर्षं उभ्यानं काम केलेला माणूस. कापडावर खडूची रेघ मारताना श्वास रोखतो, आणि रेघ संपली की सोडतो. धाकट्याला परक्या भाषेचे वर्ग लावायचे म्हणून त्यानं एक वर्ष दुपारच्या सुट्टीतही कात्री खाली ठेवली नव्हती. पण हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, वहिनीनं एकदा भांडणात बोलून दाखवलं. तर या दादाला दोन-तीन वर्षांपासून त्रास होता. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाल्यासारखं वाटून परत जायचं. त्याच्या डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की उभं राहिल्यावर चक्कर येते अशी दादाची तक्रार. उभं राहण्यावर ज्याचं पोट, त्याला चक्कर परवडेल कशी? आणि त्याच सुमारास धाकटा भाऊ सभागृहातून कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत चहाची पाकिटं, एक पेन, आणि हिरव्या झाकणाची अर्काच्या गोळ्यांची बाटली.

दादानं बाटली उजेडाकडे धरली. “माणसांवर करून पाहिलंय का रे हे?” त्यानं विचारलं होतं. एवढंच. कापड घेताना विचारतो तसं, पाण्यात आटतं का?

आणि तो म्हणाला होता, “हो मग! मोठमोठ्या ठिकाणी. मी आत्ता तिथूनच येतोय.”

हे ‘हो मग’ कुठून आलं, ते त्याला नंतर कितीदा तरी शोधायला लागलं. आणि सापडलं तेव्हा वरमायला झालं. त्या पहिल्या व्याख्यानात डॉक्टर पुन्हा पुन्हा उंदीर म्हणत होता. नर उंदरांना संप्रेरकाची सुई टोचून त्यांची ग्रंथी वाढवली, मग त्यांना चहाचा अर्क पाजला, ग्रंथी आक्रसली. चांगलं आहे, उंदरांचं भलं झालं. पण मध्यंतरात कंपनीची बाई केबिनच्या दारात आली होती. “जरा उंदीर कमी करा ना,” ती म्हणाली होती. “ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांना किळस वाटते. ‘प्रयोगांत दिसून आलं’ एवढं पुरे. अर्थ तोच.” अर्थ तोच! आणि त्यानं केले कमी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कुणी दमदाटी केली नव्हती, लाच दिली नव्हती. वाक्य खरंच जास्त सुबक होत होतं. ‘दिसण्याची शक्यता आहे’मधली शक्यताही ओघात गेली, कारण क्रियापदाला ती फार जड होत होती. उंदीर गेले, शक्यता गेली, आणि उरलं ते इतकं गुळगुळीत होतं की बोलता बोलता त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. दुसऱ्यांना फसवायला निदान अक्कल लागते; त्यानं तर स्वतःच्याच आवाजाला भुलून, घरी येऊन, सख्ख्या भावाला फसवलं होतं.

दादानं दहा महिने गोळ्या घेतल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. डॉक्टरच्या गोळ्या बंद. वर दुकानात येईल त्याला हिरवा चहा पाजायचा. “कडू लागतो, पण गुण आहे,” असं सांगायचा, आणि “आमच्या धाकट्यानं आणलंय” असंही. गुण आलाय असं त्याला वाटतही होतं काही दिवस. अकराव्या महिन्यात एका दुपारी, गिऱ्हाईकाच्या खांद्याचं माप घेता घेता, त्याची लघवी बंदच झाली. पूर्ण बंद. वहिनीचा फोन आला तेव्हा मागून दादाचा आवाज येत होता. तो आवाज माणसाचा आहे हे कळायला दुभाष्याला वेळ लागला. इस्पितळात नळी घातली, बाहेर काढलेलं पाणी मोजताना परिचारिकेनं दोनदा भांडं बदललं. तुंबून तुंबून मूत्रपिंडं सुजली होती. “इतके महिने काय करत होतात?” तरुण डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं. ओरडली नाही, नुसतं विचारलं. दादानं मान वळवून धाकट्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “दुर्लक्ष झालं.” धाकट्यानं ते ऐकलं आणि गप्प राहिला. मूत्रपिंडं सावरेपर्यंत ऑपरेशन करता येणार नव्हतं. पाच महिने दादा पायाला लघवीची पिशवी बांधून दुकानात उभा राहतोय. विजारीच्या डाव्या पायाला आतून त्यानं स्वतःच एक लांब खिसा शिवून घेतला आहे, बाहेरून कुणाला ओळखू येऊ नये असा. शिवण इतकी सुरेख आहे की ती पाहिली तेव्हा धाकट्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं होतं.

“प्राण्यांवरच्या प्रयोगात,” डॉक्टर आता म्हणत होता, आणि पडद्यावर दोन काळपट लालसर मांसगोळ्यांची चित्रं होती, एक मोठा, एक लहान.

“उंदरांवरच्या प्रयोगात,” दुभाषी म्हणाला. पडद्यावर खाली बारीक अक्षरात तसंच लिहिलं होतं. “उंदरांची ग्रंथी आक्रसली. उंदरांना अर्क पाजला होता. हे उंदीर आठ आठवड्यांचे होते.” समोरच्या पांढऱ्या डोक्यांत कुजबूज झाली. कुणीतरी शेजाऱ्याकडे वळून दोन बोटांनी मिशा करून दाखवल्या. तेवढ्यात डॉक्टरनं चित्रफीत लावली, हिरवेगार मळे, धुकं, बासरी. आणि केबिनचं दार उघडलं.

“तुम्ही सारखं उंदीर उंदीर काय लावलंय?” कंपनीची बाई दबक्या आवाजात म्हणाली. अत्तराचा वास आत शिरला. “मागच्या वेळी किती छान केलं होतंत!”

“मागच्या वेळी मी चूक केली.”

“अहो, चूक कसली? आमच्याकडे किती पत्रं आली तुमच्या आवाजाबद्दल. लोकांना विश्वास वाटतो.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. त्याला आणखी बरंच बोलायचं होतं, पण बासरी थांबली आणि माइकवरचा लाल दिवा लागला. बाई दार न लावताच गेली. केबिनबाहेर ध्वनियंत्रांच्या मागे बसलेल्या आवाजवाल्यानं, त्याच्याच वयाच्या, टक्कल पडलेल्या माणसानं, उठून हळूच दार लावलं आणि काचेतून हातानंच विचारलं, पाणी देऊ? दुभाष्यानं असं तोंड केलं की आवाजवाला समजला. त्यानंही ओठ मुडपून मान डोलावली. म्हणजे हाही आपल्यातलाच.

ओटीपोटात आता दगड होता. त्याला वाटलं, माणसाच्या शरीरातल्या सगळ्या दुखण्यांत हेच एक असं आहे की त्याचं लोकांना हसू येतं. छातीत दुखतंय म्हटलं की खुर्ची देतात, यात डोळा मारतात. त्या डोळा मारण्याच्या आडून हे लोक बाटल्या विकतात. लाजणाऱ्या माणसाला सगळं विकता येतं. तो दुकानात उभा राहून प्रश्न विचारत नाही. स्वतः त्यानं तरी काय केलं होतं? दीड वर्ष तो सार्वजनिक मुताऱ्यांवरून शहराचा नकाशा पाठ करत होता, बायकोला सांगत होता की पाणी जास्त प्यायलो, आणि तपासायला जायला उद्या उद्या करत होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पाचव्या रांगेतून एक उंच, किंचित पोक आलेला माणूस उठला. “मी तेहतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले,” तो म्हणाला, “त्यामुळे मला आकडे कळतात, औषधं कळत नाहीत. मला डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्यात. त्यांनी मला गरगरतं. तुमच्या या गोळ्या सुरू केल्या तर त्या बंद करू का? हो की नाही, तेवढंच सांगा.”

दुभाष्यानं प्रश्न पाहुण्याच्या भाषेत नेला. जसाच्या तसा, मीटरसकट, गरगरण्यासकट. डॉक्टरनं कानावरचा हेडफोन दोन बोटांनी दाबून धरला आणि तो प्रसन्न हसला. त्यानं जे उत्तर दिलं त्यात ना हो होतं ना नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, तो म्हणाला. आपल्या शरीराचं ऐका. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कितीतरी लोकांनी त्यांच्या जुन्या गोळ्या कचऱ्यात टाकल्यात आणि आज ते मजेत आहेत.

दोन सेकंद गेले. चार गेले. दुभाष्याच्या तोंडात ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय’ तयार होतं, नुसतं सोडायचं होतं. त्याच्या डोळ्यांनी त्यानं पाहिलेलं काही वेगळंच होतं. सभागृहातली डोकी एकेक करून मागे वळायला लागली. मीटरवाला हेडफोनवर टिचक्या मारून बघत होता. कंपनीची बाई खुर्चीतून अर्धवट उठली होती.

“वक्ते म्हणाले, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं,” दुभाषी म्हणाला. “वक्ते म्हणाले, त्यांच्या ओळखीच्या लोकांनी जुन्या गोळ्या टाकून दिल्या. वक्ते एवढंच म्हणाले. आता दुभाषी स्वतः बोलतोय. साहेब, गोळ्या बंद करू नका. गरगरतंय हे तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगा, ते बदलून देतील. मागच्या वेळी याच खोलीतून लोकांना जे ऐकवलं त्यातून मी उंदीर गाळले होते. मी गाळले, यांनी नाही. माझ्या भावानं माझं ऐकून औषध थांबवलं. दहा महिने.” त्याचा आवाज चढत होता आणि तो चढू देत होता. दादाचं माप घेणं, परिचारिकेचं भांडं, विजारीतला खिसा, सगळं तो सांगत गेला. इतकं सलग आणि इतकं खरं तो या खुर्चीत कधीच बोलला नव्हता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की समोर कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाहीये. माणसं एकमेकांकडे बघताहेत, हेडफोन काढून हलवताहेत. त्यानं खाली पाहिलं. माइकवरचा लाल दिवा विझला होता. कधी विझला? कुठल्या वाक्याला? काचेपलीकडे आवाजवाला मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या डोक्याशी कंपनीची बाई उभी होती.

तो केबिनमधून बाहेर पडला. “माफ करा हो,” आवाजवाला पुटपुटला, “माझ्यावर येऊन उभ्या राहिल्या.” दुभाष्याला त्याला शिवी द्यावीशी वाटली, पण मागच्या वेळी स्वतः त्याच्यावर तर कुणी येऊन उभंही राहिलं नव्हतं. बाई म्हणाली, “तुम्ही फार मोठी चूक केलीत, कळतंय ना?” “कळतंय,” तो म्हणाला, “आत्ता मला जायचंय,” आणि खरोखरच पळत सुटला.

मुतारीत पांढऱ्या फरशीच्या भिंतीसमोर तो उभा राहिला आणि इतका वेळ दारावर धडका मारणारी लघवी, दार उघडल्यावर, यायलाच तयार होईना. भिंतीला हात टेकून तो उभा होता. संतापानं त्याचे कान तापले होते. कोणाकोणावर संतापावं? डॉक्टरवर, बाईवर, त्या बासरीवर, या हट्टी ग्रंथीवर? थेंब थेंब सुरू झालं तेव्हा शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. तो मीटरवाला होता.

“तुम्हीच ना आतले?” मीटरवाला म्हणाला. “आवाजावरून नाही, कपड्यांवरून ओळखलं. ‘गोळ्या बंद’ एवढं ऐकू आलं आणि खरखर झाली. बंद करा म्हणालात ना?”

दुभाष्यानं झटकन मान वळवली. “नाही! बंद करू नका म्हणालो!”

“बघा, म्हणजे उलटंच. आमच्या रांगेत सगळे म्हणतायत, बंद करा म्हणाले.”

“करू नका. चक्कर येते तर डॉक्टरांना सांगा. हे बहुतेक सगळं उंदरांवर केलेलं आहे. माणसं किती, तर पडद्यावर एका चित्राखाली सव्वीस लिहिलेलं होतं, आणि ते चित्र त्यांनी लगेच पुढे ढकललं.”

“सव्वीस?” मीटरवाल्यानं मान फिरवली. “एका जिन्यावर सव्वीस मीटर असतात.” तो हात धुवायला गेला, आणि ओल्या हातांनीच परत फिरला. “मी रांगेत सांगतो. पण ऐकतील का, काय माहीत. बाटल्या वाटायला सुरुवात झालीय.”

दुभाषी दारापर्यंत त्याच्या मागे गेला. दारात उभा राहून त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, बंद करू नका. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी वाट सोडा म्हटलं. एकजण म्हणाला, “तुम्ही कोण सांगणारे?” पंधरा-वीस जणांना सांगून झालं असेल, तेवढ्यात दरवान आला आणि दंडाला धरून त्याला बाहेरच्या पायऱ्यांवर घेऊन गेला.

तिथून तो थेट दादाच्या दुकानात गेला. दुपारची वेळ, वहिनी पोटमाळ्यावर काजं करत बसली होती, दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. दादा फळीवर राखाडी सुटाचं कापड पसरून उभा होता, डावा पाय जरा बाजूला ठेवून. “ये,” तो वर न बघता म्हणाला. “शुक्रवारची तारीख मिळाली ऑपरेशनची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता करू या.”

“दादा, तू मला विचारलं होतंस, माणसांवर करून पाहिलंय का.”

“हं.”

“ते उंदरांवर होतं. मला माहीत होतं. डॉक्टर उंदीर म्हणत होता आणि मी ते गाळत होतो, कारण कुणीतरी सांगितलं म्हणून. आणि तुला हो म्हणालो.”

दादाची कात्री कापडात अर्ध्यावर होती. ती तशीच राहिली. त्यानं श्वास रोखलेला दिसत होता, रेघ मारताना रोखतो तसा, पण रेघ काही संपेना. पाच महिन्यांत सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं की वय झालं, चालायचंच, नशीब समजा; आणि त्यानं ते सगळं मान हलवून मान्य केलं होतं. आता त्याचा चेहरा कपाळापासून खाली लाल होत गेला.

“पाच महिने,” तो म्हणाला. “पाच महिने मला वाटतंय माझंच काहीतरी चुकलं. गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत, चहा नीट उकळला नाही. तुझ्या वहिनीवर ओरडलो मी, चहावरून. आणि तू रोज इथे येऊन स्टुलावर बसत होतास.”

“हो.”

“इस्पितळात मी दुर्लक्ष झालं म्हणालो, ते तुझ्यासाठी. तेव्हा तरी तोंड उघडायचंस.”

“उघडायला हवं होतं.”

“चालता हो,” दादा म्हणाला. मग कात्री कापडातून काढून त्यानं फळीवर आपटली. “शुक्रवारी सकाळी सातला इस्पितळात ये, कागदांवर सही तुझीच लागेल. तोपर्यंत या दुकानाची पायरी चढायची नाही. मला रागावू दे. नीट रागावू दे मला, कुणी मध्ये यायचं नाही, समजूत घालायची नाही!”

तो बाहेर पडून फुटपाथवर उभा राहिला. आत दादाचा आवाज चढत गेला. शांत म्हणून गल्लीत ओळखला जाणारा कटिंग मास्तर पहिल्यांदा ओरडत होता. भावाला, डॉक्टरला, हिरव्या झाकणाला, पायाला बांधलेल्या पिशवीला, एकेकाला नावं ठेवत. वहिनी वरून धावत आली, शेजारचा चावीवाला दुकानातून डोकावला आणि त्यानं भुवया उंचावून विचारलं, काय झालं? दुभाष्यानं नुसता हात वर करून त्याला थांबवलं. मग तो भिंतीला पाठ टेकून, उन्हात, दादाचं बोलणं संपेपर्यंत एकेक शब्द ऐकत उभा राहिला.